पाणीवाल्याचा नादुरुस्त पंप

पाणीवाल्याविषयी शेजारी म्हणत, की या माणसाला एरवी भूक लागणार नाही, पण दुसऱ्याचे ताट दिसले की हमखास लागेल. समोरच्या घरी नवी खुर्ची आली की याची पाठ दुखू लागे. वरच्या मजल्यावर पाहुणे उतरले की आपले नातेवाईक किती माणूसघाणे आहेत, हे याला आठवे. शेजारच्या मावशी तर तोंडावर सांगत, "तुझ्या डोळ्यांत औषध घालून उपयोग नाही रे बाबा. आम्हीच दारांना जाड पडदे लावायला हवेत." तो रागावत नसे. पोटात सगळ्यांच्याच दुखते, आपल्याला ते लपवता येत नाही एवढाच फरक, असे त्याचे म्हणणे असे, आणि हे तो इतक्या गंभीरपणे सांगे की ऐकणारा हसायचे विसरून जाई.

त्याचा धंदा बंदरात उभ्या असलेल्या बोटींना गोडे पाणी पोचवण्याचा. तो त्याला वडिलांकडून मिळाला होता, आणि धंद्याबरोबर बोटही. ती बुटकी, रुंद आणि पोटाने सुटलेली होती. त्या पोटात टाकी होती आणि पाठीवर पंप. आब म्हणून तिला नव्हता. पण पाणीवाला तिला कुठल्याही बोटीच्या अंगाला असा नेऊन लावी, की मध्ये एक हात मावेल एवढी जागा राही आणि रंगाला ओरखडा उठत नसे. मग तो कठड्यावरून नळी आत देई, पंप सुरू करी आणि पाणी भरेपर्यंत समोरच्या बोटीकडे बघत उभा राही. कुठून कुठून आलेल्या बोटी त्याने अशा बाहेरून पाहिल्या होत्या. आत पाऊल ठेवण्याचा प्रसंग कधी आला नव्हता, आणि स्वतःच्या बोटीवर तर तो कोणालाच पाऊल ठेवू देत नसे. पिण्याचे पाणी आहे, हे त्याचे ठरलेले उत्तर होते.

बंदराच्या तोंडाशी दगडी बांधाच्या टोकावर एक दिवा होता. त्या दिव्यापलीकडे पाणीवाला आयुष्यात गेला नव्हता. त्याची बोट आतल्या शांत पाण्यासाठी बांधलेली होती. बाहेरच्या लाटांवर टाकीतले पाणी डचमळू लागले, तर ती स्वतःच्याच पोटाच्या भाराने कलंडली असती. उभा जन्म पाण्यावर काढून त्याने समुद्र असा तो पाहिलाच नव्हता. पण हे कोणाच्या लक्षात आले नव्हते, आणि त्याच्या स्वतःच्या तर मुळीच नाही.

दोरखंडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको राहत. लेक लग्न होऊन दूर गेली होती. पुढच्या खोलीत खिडकीशी बायकोचे शिवणयंत्र होते. जाड सुईचे, आणि चालू झाले की खालच्या दुकानदाराला वर बघायला लावणारे. ती कपडे शिवत नसे. टपऱ्यांची छते, मालगाड्यांच्या ताडपत्र्या, खुर्च्यांच्या गाद्या, बोटींची आवरणे असे जाडेभरडे काम तिच्याकडे येई. उन्हात आणि खाऱ्या हवेत या गावचे कापड फार टिकत नसे, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. ती बोलायची कमी. पण बोलली की समोरच्याला उत्तरासाठी रात्रभर वेळ लागे.

अशा सगळ्यात ती पांढरी यॉट आली.

एकाच माणसाची, एका डोलकाठीची, फार मोठी नव्हे. पण तिच्या रेषा अशा, की धक्क्यावर पोती वाहणारेही क्षणभर थांबले. मालक उंच, वाकून चालणारा, केस पिकलेला माणूस. उभी हयात लोकांचे दात उपटण्यात गेली आणि आता दवाखाना विकून जगभर फिरतो आहे, असे त्याने बंदर कचेरीत सांगितले, आणि त्याच संध्याकाळी गावाने त्याचे 'दातवाले साहेब' असे नामकरण करून टाकले. समोरच्याशी बोलताना ते आधी त्याच्या तोंडात बघत, मग डोळ्यांत.

पहिले पाणी द्यायला पाणीवालाच गेला. दातवाल्यांनी वर बोट दाखवले. बसण्याच्या जागेवरचे कापडी छत उन्हाने जळून चिंध्या झाले होते. असे काम करणारे गावात कोणी आहे का, असे त्यांनी विचारले. पाणीवाल्याच्या डोळ्यांसमोर आधी धक्क्यावरचा शिंपी आला. त्याने नुकतीच दुकानाला काचेची दारे बसवली होती आणि ती पाणीवाल्याला दिवसरात्र खुपत होती. त्याला हे काम मिळणार, हा विचार मनात येताच त्याच्या तोंडून निघून गेले, "माझी बायको करते."

पुढे जे घडले त्याची सुरुवात या वाक्याने झाली, आणि म्हणूनच पुढे त्याला दुसऱ्या कोणाला दोषही देता आला नाही.

बायको मापे घ्यायला गेली. नेणारा होता भाजीवाला. तो आपल्या होडीतून बोटींना भाज्या, अंडी आणि गावच्या बातम्या पुरवी. संध्याकाळी ती परतली ती बोलतच. ताटल्यांना खाचा आहेत म्हणे, पेल्यांना ज्याच्या त्याच्या मापाची भोके. शेगडी अशी टांगलेली, की बोट कितीही तिरकी झाली तरी भांडे सरळच राहते. बिछान्याखाली पाण्याच्या टाक्या आणि पायरीखाली हत्यारांचा खण. पाणीवाला ऐकत होता. लग्नानंतर इतकी वाक्ये तिने एका दमात कधी उच्चारली असतील, असे त्याला आठवेना. शेवटी ती म्हणाली, "एवढ्याशा जागेत माणूस राहतो आणि 'माझं अमुक कुठे ठेवलंस' असं एकदाही विचारत नाही."

पाणीवाल्याने त्याच दिवशी सकाळी आपला चष्मा कुठे आहे असे तिला विचारले होते. त्याने मान खाली घातली आणि जेवण उरकले.

मग घर बदलू लागले. भिंतीवर जाड कापडाचे खिसे आले आणि त्यांत कात्र्या, दोरे, चाव्या, चष्मा असे ज्याचे त्याचे बस्तान बसले. दारामागे आकड्यांची रांग आली. डबे घसरू नयेत म्हणून फळीच्या कडेला लाकडी पट्टी ठोकलेली त्याने पाहिली, तेव्हा मात्र त्याला राहवले नाही. घर काय हलते आहे का, असे त्याने विचारले. ती म्हणाली, "तुम्ही जिना चढायला लागलात की हलतं."

हे वाक्य त्याने विनोद म्हणून सोडून दिले असते. पण ते बोलताना ती हसली होती, आणि ते हसू यॉटवरून येताना ती बरोबर घेऊन आली आहे, असे त्याला वाटले. दुसऱ्याची खुर्ची, दुसऱ्याचे पाहुणे, दुसऱ्याची काचेची दारे या सगळ्यांवर त्याने आजवर मनापासून जळून घेतले होते. पण ती जळजळ संध्याकाळपर्यंत आपोआप विझे. ही विझेना. सकाळी उठला की ती त्याच्या आधी उठून बसलेली असे.

छत शिवून होत आले, तेव्हा एकदा जेवताना बायकोने सहज सांगितले, की छत बसवल्यावर साहेब बोट बाहेर नेणार आहेत. वाऱ्यात ते कसे राहते ते बघायला हवे. शिवणाऱ्यानेच येऊन बघावे, असे ते म्हणाले. दिव्याच्या पलीकडे, अर्धा दिवस.

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. लग्न होऊन आले तेव्हा. तुमच्या बोटीतून एकदा फिरवून आणा म्हटलं होतं."

पाणीवाला आठवू लागला. आठवेपर्यंत तिने त्याच्या ताटात आणखी वाढले होते. मग ते आठवले. बंदराच्या पायऱ्यांवर नवी चप्पल घालून ती उभी होती, आणि तो काय म्हणाला होता, तेही.

"ते पिण्याचं पाणी होतं," तो म्हणाला.

"हो ना. ही बोट पिण्याच्या पाण्याची नाही," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

त्या रात्री पाणीवाल्याने विचार केला, आणि एरवी न सुचणारी गोष्ट त्याला सुचली. यॉटच्या टाक्या निम्म्याहून रिकाम्या होत्या. एका बाजूची टाकी तर तळाला गेली होती, त्यामुळे बोट किंचित कलून उभी राही. पुरेसे पाणी घेतल्याशिवाय आपण बंदराबाहेर पडत नाही, हे दातवाल्यांनीच त्याला सांगितले होते. म्हणजे पाणी नाही तर फेरी नाही. आणि पाणी तर त्याच्या हातात होते.

सकाळी तो यॉटजवळून जाताना थांबला आणि पंप बिघडल्याचे सांगून बसला. वॉशर गेला आहे, नवा बाहेरून मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही. हे बोलताना त्याने कपाळाला हातसुद्धा लावला. दातवाल्यांच्या कपाळावर आठी उमटेल, ते बंदराला दोन शब्द सुनावतील, कंटाळून दुसऱ्या गावी निघून जातील, अशी त्याची अपेक्षा होती. ते म्हणाले, "काही हरकत नाही. मला कुठे घाई आहे? तोवर आतल्या गाद्यांच्या खोळीही करून घेऊ. तुमच्या घरी विचाराल का?"

घरून आनंदाने होकार आला.

आता त्याची अवस्था विचित्र झाली. जितके दिवस तो पाणी अडवणार, तितके दिवस यॉट उभी राहणार, आणि जितके दिवस ती उभी राहणार, तितके दिवस बायको तिथे जाणार. खोळी झाल्या, मग पडदे निघाले, मग हत्यारांसाठी पिशवी निघाली. प्रत्येक कामाबरोबर घरी एक नवी गोष्ट येई. साहेब स्वतःची भांडी कशी घासतात, साहेब वारा कसा ओळखतात, साहेब एकदाही आवाज चढवत नाहीत. एकट्याने राहणाऱ्याने आवाज चढवायचा तरी कोणावर, असे पाणीवाल्याच्या ओठांवर येई. पण तो ते गिळून टाकी. त्याचा जीव तिळतिळ तुटत होता आणि तोडणारी कात्री त्याच्याच हातात होती.

शिवाय बाकीच्या बोटींना पाणी द्यायचे तर होतेच. गाळ काढणारे एक अवजड जहाज बंदराच्या मधोमध उभे असे. त्याच्या आडोशाला राहून, यॉटवरून दिसणार नाही अशा बेताने, तो भल्या सकाळी पंप चालवू लागला. वडिलोपार्जित धंदा त्याच्यावर चोरासारखा करायची वेळ आली होती. गाळाच्या जहाजाचा तांडेल वरून हे रोज बघत होता. पंप आज बरा आहे वाटते, असे तो म्हणाला. पाणीवाला म्हणाला, की मधूनमधून बरा असतो. तांडेलाने, माणसासारखाच म्हणायचा, असे म्हणून विडी शिलगावली.

गोष्ट फुटली ती कॅनमुळे. पाणीवाल्याच्या घरी धंद्याचे जुने कॅन होते, गळ्याशी निळा पट्टा रंगवलेले. सगळे बंदर ते पट्टे ओळखे. एका दुपारी गाळाच्या जहाजाआडून बाहेर येताना त्याने पाहिले, की भाजीवाल्याची होडी यॉटकडे चालली आहे. मध्ये छत्री धरून त्याची बायको बसली आहे, आणि तिच्या पायांशी निळ्या पट्ट्यांचे कॅन काठोकाठ भरून उभे आहेत. घरच्या नळाचे पाणी. पाणीवाल्याची बोट भरल्या टाकीने उभी आणि पाणीवाल्याची बायको वल्ह्याच्या होडीतून पाणी पुरवते आहे, हे दृश्य साऱ्या बंदराने पाहिले. धक्क्यावरची पोती थांबली. भाजीवाल्याने, काही वाईट मनात नसताना, दुरूनच हाक दिली, "दादा, वहिनी विचारतायत, आणखी एखादा कॅन आहे का घरात?"

पाणीवाला उत्तर देणार, तोच तांडेल वरून म्हणाला, "काय रे, धंदा बायकोच्या नावावर केलास?"

त्याला वाटले, टाकीचे झाकण उघडून आत उतरावे आणि ते वरून लावून घ्यावे.

संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा ती यंत्रावर होती. शिवण संपेपर्यंत ती थांबणार नाही हे त्याला माहीत होते, म्हणून तो दाराशी उभा राहिला. शिवण लांब होती. दोरा तोडून तिने मान वर केली आणि मग सगळे शांतपणे सांगितले. साहेबांकडे चहापुरतेही पाणी उरले नव्हते, म्हणून ती नेऊ लागली. त्यांनी मागितले नव्हते. आणि पंपाचे म्हणाल तर तो पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहे, हे तिला ठाऊक होते. रोज सकाळी खिडकीतून त्याचा आवाज येत होता. इतकी वर्षे तो ऐकत ती चूल पेटवत आली आहे, गाळाच्या जहाजाआडून आला म्हणून तो ओळखू येणार नाही काय?

पाणीवाल्याने वहाणा काढून भिंतीशी सरळ लावून ठेवल्या.

"तुम्हाला काय वाटतं, मी त्या माणसाबरोबर निघून जाईन?"

"तसं नाही."

"मग कसं?"

तो खिशांच्या भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिकडून आलीस की हसतेस तू."

"मग काय रडू?"

"घरात हसत नाहीस."

"घरात हसण्यासारखं तुम्ही बोलता कधी? आत्ता कुठे बोललात. वॉशर गेला म्हणे."

आणि ती खरोखरच हसली. इतकी, की यंत्रावर तिला डोके टेकावे लागले. पाणीवाल्याला आपणही हसावे असे वाटले, पण तोंड त्याचे ऐकेना. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि सांगितले, की उद्या सकाळी टाक्या भरून द्या. नाही भरल्यात तर मी कॅनने भरीन, आठवडा लागला तरी चालेल, आणि सगळे बघतील तेही चालेल. पण मी दिव्याच्या पलीकडे जाणार आहे. हे तिने भांडून सांगितले नाही. उद्या बाजारात जायचे आहे, या सुरात सांगितले, आणि त्यामुळे त्यात वाद घालायला जागाच नव्हती.

सकाळी त्याने उघड्यावर, सर्वांदेखत, बोट यॉटच्या अंगाला लावली. पंप पहिल्या झटक्याला सुरू झाला. पण एका टाकीचे झाकण आतून अडकले होते. ते दातवाल्यांच्याने निघेना, आणि त्यांनी त्याला वर बोलावले. अशा रीतीने पाणीवाल्याने जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या बोटीत पाऊल ठेवले, ते वहाणा हातात घेऊन.

आत उतरल्याबरोबर त्याच्या डोळ्यांनी सवयीने दोष शोधायला सुरुवात केली. गाद्यांच्या खोळी बायकोच्या हातच्या होत्या. कोपरे असे बसले होते, की बोटाच्या टोकाला सुरकुती लागत नव्हती. पडदे सरळ पडत होते. ताटलीला खाच होती आणि पेल्याला त्याच्या मापाचे भोक. खोट काढण्यासारखे काही सापडेना. ताटली एक होती, पेला एक आणि बसायची गादी दबलेली तीही एकाच जागी. हे बघून दुसऱ्या एखाद्याला त्या माणसाची दया आली असती. पाणीवाल्याला आली नाही. आपल्या हाताखालून शेकडो बोटी गेल्या आणि आत हे असे असते हे आपल्याला बायकोकडून कळावे, एवढेच त्याला टोचत राहिले.

झाकण त्याने ठोकून सैल केले. दातवाले वाकून त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या तोंडाकडे, बघत होते. त्यांनी विचारले, की झोपेत दात आवळता का? दाढांच्या कडा झिजल्या आहेत. कधीपासून होते असे?

तुम्ही आल्यापासून, हे उत्तर त्याच्या जिभेच्या टोकावर आले होते. त्याने ठाऊक नाही म्हणून सांगितले.

"रात्री कापडाची घडी धरत जा दातांत," दातवाले म्हणाले. मग वर येता येता, पाहुण्याला बस म्हणावे तितक्या सहज म्हणाले, "तुम्हीही चला ना आज. तिघांना भरपूर जागा आहे."

हे बोलावणे येईल अशी त्याने कल्पनाही केली नव्हती. दिव्याच्या टोकाशी लाटा फुटत होत्या आणि त्यापलीकडे पाणी निराळ्याच रंगाचे दिसत होते. हे निराळेपण त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. त्याला जायचे होते. इतके जायचे होते, की कठडा धरलेली बोटे पांढरी पडली. पण ज्याचे पाणी आपण अडवले त्याच माणसाने, काही न कळल्यासारखे, आपल्याला जागा देऊ करावी, हे त्याला सहन होईना.

"मला कामं आहेत," तो म्हणाला.

घडी केलेले छत घेऊन बायको त्याच वेळी भाजीवाल्याच्या होडीतून कठड्याला लागली होती. तिने ते ऐकले. ती दातवाल्यांना म्हणाली, "ते नाही यायचे साहेब. पंप दुरुस्त झालाय ना, गिऱ्हाइकं खोळंबलीत त्यांची." आणि छत वर देऊन, पदर खोचून, ती कठडा ओलांडून गेली. पाणीवाल्याने हात पुढे केला होता, पण तोवर ती आत पोचली होती.

टाक्या भरल्या, छत बसले, पाणीवाला आपल्या बोटीत उतरला आणि यॉट निघाली. पाणीवाल्याने नळी गुंडाळली, एका मच्छिमार बोटीला पाणी द्यायचे होते तिकडे तोंड वळवले, आणि मग बोट आपोआप वळल्यासारखी यॉटच्या मागे लागली. ती पुढे सरसर जात होती, आणि मागून हा आपला फटफट धूर काढत. धक्क्यावरचे लोक कडेला येऊन बघू लागले. तांडेलाने तोंडातली विडी काढली, पण त्यालाही काही सुचले नसावे.

दिव्यापाशी पाणीवाल्याला थांबावेच लागले. पहिलीच लाट बोटीखालून गेली आणि टाकीतले पाणी एका अंगाला धावले, परत फिरले, पुन्हा धावले. बोट कशीबशी सावरून उभी राही आणि पुन्हा डोले. समोर यॉटवर शीड चढले, वाऱ्याने भरले, यॉट एका कुशीवर झुकली आणि तिचा वेग एकदम वाढला. मागच्या बाजूला नवे छत ताठ दिसत होते आणि छताखाली बसलेली एक आकृती. तिने मागे वळून पाहिले की नाही, हे एवढ्या अंतरावरून कळले नाही. मग किनाऱ्याचे खडकाळ टोक मध्ये आले आणि यॉट त्यामागे गेली. त्या टोकापलीकडे काय आहे, हे पाणीवाल्याला माहीत नव्हते.

ऊन माथ्यावर आले. लोखंडी टाकी तापली. तो हलला नाही. मध्येच भाजीवाला होडी वल्हवत चौकशीला आला, इंजिन बंद पडले का ते बघायला. इंजिन चालू होते. भाजीवाल्याने जरा वाट बघितली आणि मायेने विचारले, "पंप का, दादा?"

"जा तू," पाणीवाला म्हणाला.

दिवस कलता कलता टोकामागून शीड दिसले. त्याबरोबर त्याने बोट फिरवली आणि शक्य तितक्या घाईने धक्का गाठला. ती जिना चढून आली तेव्हा तो चहा टाकून, काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने, खुर्चीवर बसलेला होता. तिचा चेहरा उन्हाने रापला होता, केसांत मीठ वाळले होते. बसताना तिने भिंतीला हात लावला, जणू घर कलणार होते.

"छत?" त्याने विचारले.

"एक टाका नाही सुटला."

मग चहा पिता पिता तिने सांगितले. लाट येताना काळी असते आणि वर चढलो की निळी होते. वारा कानात इतका भरतो, की स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. आणि गाव बाहेरून एवढेसे दिसते. तिने चिमटीत धरून दाखवले. आपली खिडकी तिने पुष्कळ शोधली, पण सापडली नाही.

"तुमची बोट मात्र दिसत होती. तोंडाशी, ठिपक्यासारखी. साहेबांनी विचारलं, ते काय आहे तिथं मघापासून? म्हटलं, आमचे हे."

"मी असतो तर—"

"तुम्ही असतात तर अजून छान वाटलं असतं, असं नाही म्हणणार मी. तुम्ही बोलत बसला असतात सारखे. पण यायचं होतंत."

काही दिवसांनी यॉट गेली. दातवाल्यांनी जाताना हात हलवला, पाणीवाल्यानेही हलवला, आणि बंदर पुन्हा पहिल्यासारखे झाले. पाणीवाल्याचे घर मात्र झाले नाही. गल्लीतल्या बायका संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर जमत आणि त्याच्या बायकोकडून बाहेरचा समुद्र ऐकत. ती तोच प्रवास पुन्हा सांगे आणि प्रत्येक वेळी त्यात एक नवी गोष्ट निघे. आज पाण्यातून उडालेले मासे, उद्या टोकामागचे झाडांनी भरलेले बेट. पाणीवाला आत बसून ऐके. बंदर त्याचे, बोटी त्याच्या ओळखीच्या, वाऱ्याच्या वेळा त्याला पाठ. एकदा न राहवून त्याने आतून सांगितले, की त्या दिशेला बेट असणेच शक्य नाही. बाहेरून बायकोचा आवाज आला, अगदी साधा, "तुम्ही होता का तिथे?" आणि सगळ्या जणी हसल्या. त्यानंतर तो आतून काही बोलला नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी मावशींनी हा विषय काढला. आता दोघेही थकले होते. पाणीवाल्याने धंदा भाजीवाल्याला देऊन टाकला होता, आणि इतरांच्या खुर्च्यांकडे तो पूर्वीइतके बघत नसे. मावशी म्हणाल्या, की आता तरी खरे सांगून टाक, तेव्हा त्या दातवाल्यावर जळत होतास ना? बायको शेजारीच दोऱ्याची लडी उलगडत बसली होती. पाणीवाल्याने तिच्याकडे पाहिले आणि आवाज जराही न उतरवता सांगितले,

"त्याच्यावर चार दिवस जळलो. हिच्यावर अजून जळतोय. ही जाऊन आली, आणि मी गाढवासारखा कामं आहेत म्हणालो."